मऊ चिकणमातीतलं ग्राउटिंग : लॅबमध्ये काय तपासावं आणि कसं

न्हावा-शेवा, उलवे, द्रोणागिरी किंवा ठाण्याच्या खाडीचा काठ. या पट्ट्यात बोअर घेतला की वर येते ती काळपट, करडी मरीन क्ले. बेसॉल्टच्या झिजेतून तयार झालेली, मीठ आणि पाणी पोटात धरलेली. अंगठा टेकवला तर सहज आत जातो. तिच्यावर गोदाम, रस्ता किंवा टाकी उभी करायची म्हटली की बैठकीत कोणीतरी हमखास म्हणतं, ‘ग्राउटिंग करून घेऊ.’ मग नमुने लॅबमध्ये येतात, मातीत सिमेंट कालवलं जातं, २८ दिवसांनी तोडून पाहिलं जातं आणि ताकद वीसपट झाल्याचं अहवालात लिहिलं जातं.

हा आकडा खोटा नसतो. पण तो नेमका कशाचा आकडा आहे, हे बहुतेक अहवालांतून कळत नाही. ग्राउट जमिनीत ज्या रीतीने जाणार, त्याच रीतीची नक्कल लॅबमध्ये झाली असेल तरच त्या आकड्याला अर्थ आहे. प्रकल्प करणारे विद्यार्थी आणि लॅब सांभाळणारे तरुण इंजिनिअर यांच्यासाठी ही नक्कल कशी करायची, ते पुढे क्रमाने दिलं आहे.

आधी ठरवा : ग्राउट मातीत जाणार कसा?

वाळूत ग्राउट कणांमधल्या पोकळीत झिरपतो. चिकणमातीत तो झिरपत नाही, आणि याचा हिशेब दोन ओळींत होतो. झिरपण्यासाठी मातीचा डी-१५ आणि ग्राउटच्या कणांचा डी-८५ यांचं गुणोत्तर २४ पेक्षा जास्त हवं. ११ च्या खाली गेलं की नाद सोडायचा, असा रूढ ठोकताळा आहे. मऊ चिकणमातीचा डी-१५ एक मायक्रॉनपेक्षाही कमी असतो आणि साध्या सिमेंटचा डी-८५ सुमारे ५० मायक्रॉन. म्हणजे हवे २४, मिळतात ०.०२. मायक्रोफाइन सिमेंट आणलं तरी गुणोत्तर एकाच्या आतच राहतं.

‘मग रासायनिक ग्राउट वापरू, त्यात कणच नसतात,’ असं कोणी म्हणेल. पण चिकणमातीची पारगम्यता सेकंदाला १०⁻⁹ मीटरच्या घरात असते. पाण्याइतकं पातळ द्रावण घेऊन ५० चा ग्रेडियंट लावला तरी ते दिवसाला चार-पाच मिलिमीटर सरकेल. तेवढ्यात ते घट्ट होऊन बसलेलं असेल. म्हणून साच्यात चिकणमाती भरून वरून सिमेंटचं पाणी दाबाने सोडण्याचा प्रयोग करूच नका. त्यातून वर ग्राउटची खपली मिळते आणि कडेने, साच्याच्या भिंतीलगत, ग्राउट निसटलेला दिसतो. बाकी काही हाती लागत नाही.

मऊ चिकणमातीत खऱ्या अर्थाने चालणाऱ्या पद्धती दोन प्रकारच्या आहेत. पहिल्यात माती आणि ग्राउट यांचं मिश्रण होतं. जेट ग्राउटिंगमध्ये शेकडो बारच्या दाबाची धार माती कापते आणि तिच्यात मिसळते. डीप मिक्सिंगमध्ये फिरती पाती हे काम करतात. १९६० च्या दशकाच्या अखेरीस स्वीडन आणि जपान या दोन्ही देशांत डीप मिक्सिंगची सुरुवात झाली. दुसऱ्या प्रकारात ग्राउट मातीला चिरून किंवा ढकलून स्वतःसाठी जागा करतो. फ्रॅक्चर ग्राउटिंग आणि कॉम्पॅक्शन ग्राउटिंग ही त्याची रूपं. याशिवाय वीजप्रवाहाच्या मदतीने सोडियम सिलिकेट, कॅल्शियम क्लोराइड यांसारखी द्रावणं मातीत ओढण्याची इलेक्ट्रोऑस्मोसिसची वाट आहे. ती लॅबमध्ये रंजक असली तरी प्रत्यक्ष कामांत फार कमी वापरली जाते.

दोन्ही प्रकारांच्या चाचण्या वेगळ्या. मिश्रणाच्या पद्धतीत प्रश्न असतो, ‘या मातीत या सिमेंटची किती ताकद येते?’ चिरणाऱ्या पद्धतीत विचारायचं ते असं : ‘ग्राउट घातल्यावर भोवतालच्या मातीचं काय होतं, आणि महिन्याभराने काय उरतं?’ प्रस्तावाच्या पहिल्या पानावर आपला प्रश्न यातला कोणता, ते एका वाक्यात लिहा.

मातीची ओळख : वाळवू नका

मूळ माती कशी आहे हे नीट ठाऊक नसेल तर सुधारणा मोजता येणार नाही. आयएस २७२० च्या भागांप्रमाणे पाण्याचं प्रमाण (भाग २), कणांची विभागणी (भाग ४), लिक्विड आणि प्लॅस्टिक लिमिट (भाग ५), सेंद्रिय द्रव्य (भाग २२), पीएच (भाग २६) आणि विद्राव्य सल्फेट (भाग २७) एवढं कराच. शेवटच्या तिघांना बरेचजण फाटा देतात. पण सेंद्रिय द्रव्य जास्त असेल तर सिमेंटचं घट्ट होणं मंदावतं, आणि सल्फेट जास्त असेल तर पुढे फुगणारे स्फटिक तयार होऊन कमावलेली ताकद जाऊ शकते. सातव्या दिवशी नमुने अपेक्षेपेक्षा मऊ निघाले तर कारण शोधायला हेच आकडे कामी येतात.

मरीन क्ले ओव्हनमध्ये किंवा उन्हात वाळवून, कुटून, चाळून मग परत भिजवायची नाही. वाळल्यावर बारीक कण एकमेकांना चिकटून गोळे होतात आणि पुन्हा पाणी घातलं तरी पूर्ववत होत नाहीत. लिक्विड लिमिट खाली येतं. माती नैसर्गिक ओलाव्यातच ठेवा. शंख-शिंपले आणि मुळं हाताने काढा, आणि गरज पडल्यास माती ओलीच चाळणीतून घासून काढा. पाणी वाढवायचं असेल तर जागेवरचं किंवा तितकंच खारं पाणी घाला, कारण नळाच्या पाण्याने मातीतलं मीठ पातळ होतं आणि वागणूक बदलते. सेंद्रिय माती असेल तर ओलावा काढताना ओव्हन १०५ ऐवजी ६० ते ८० अंशांवर ठेवा.

मूळ मातीची शिअर ताकद लॅब व्हेनने (भाग ३०) मोजा. तिची दुप्पट म्हणजे यूसीएस, बाजूचा आधार नसलेल्या दंडगोलाची दाब-ताकद. २५ किलोपास्कलच्या आत यूसीएस म्हणजे अतिमऊ, २५ ते ५० म्हणजे मऊ. अतिमऊ मातीचा दंडगोल स्वतःच्या वजनाने बसतो. त्यावर यूसीएस करत बसण्यापेक्षा व्हेनवर विश्वास ठेवलेला बरा.

मिश्रणाची कृती

इथे एकच गुणोत्तर मनात पक्कं ठेवा : मिश्रणातलं एकूण पाणी भागिले सिमेंट. एकूण पाणी म्हणजे मातीतलं आणि ग्राउटमधलं मिळून. काँक्रीटसाठी अब्रॅम्सने १९१८ मध्ये मांडलेला पाणी-सिमेंट नियम जास्त ओलाव्याच्या चिकणमातीलाही लागू पडतो, हे होर्पिबुलसुक, मिउरा आणि बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतले नागराज यांनी दाखवून दिलं. हे गुणोत्तर हाताशी असलं की नमुन्यांचा पसारा निम्मा होतो.

उदाहरण घेऊ. ओलावा ८० टक्के असलेली तीन किलो ओली माती आहे. तिच्यात कोरडी माती १.६६७ किलो आणि पाणी १.३३३ किलो. कोरड्या मातीच्या १५ टक्के सिमेंट म्हणजे २५० ग्रॅम. ग्राउटचं पाणी-सिमेंट प्रमाण १ ठेवलं तर आणखी २५० ग्रॅम पाणी. एकूण पाणी १.५८३ किलो, भागिले ०.२५० : गुणोत्तर ६.३. हाच हिशेब १० टक्के सिमेंटला ९.० आणि २० टक्क्यांना ५.० येतो.

आता ओलावा ६० टक्क्यांवर आणलेल्या मातीत १५ टक्के सिमेंट घाला. गुणोत्तर पुन्हा ५.० येईल. म्हणजे ८० टक्के ओलावा आणि २० टक्के सिमेंट असलेला नमुना व हा नमुना, दोघांची ताकद जवळपास सारखी यायला हवी. आली तर तुमची कृती बरोबर आहे. मोठी तफावत दिसली तर मिसळणं, ओलाव्याची मोजणी किंवा साच्यात भरणं यांत कुठेतरी गफलत आहे. फक्त सहा नमुन्यांत होणारी ही तपासणी सगळ्या मालिकेच्या आधी करून घ्या.

मुख्य मालिकेला सिमेंटची तीन प्रमाणं, ७, १४ आणि २८ दिवसांची तीन वयं आणि प्रत्येकी तीन नमुने पुरेत. एकूण २७ झाले. त्यांत १५ टक्क्यांवर ओलावा बदलून पाहायचे आणखी सहा नमुने मिळवा. सगळ्या गोष्टी एकदम बदलणारे आराखडे कागदावर भव्य दिसतात आणि सत्र संपताना अर्धवट राहतात.

ग्राउट आधी स्वतंत्र तपासा. पाणी-सिमेंट १ असलेल्या ग्राउटची घनता मड बॅलन्सवर १.५२ च्या आसपास यायला हवी, १.४५ आली तर पाणी जास्त पडलं आहे. मार्श फनेलमध्ये आधी साधं पाणी ओतून ९४६ मिलिलीटरला सुमारे २६ सेकंद लागतात का ते पाहा, म्हणजे फनेलचं तोंड स्वच्छ असल्याची खात्री होते. एक लिटरच्या मोजपात्रात ग्राउट दोन तास ठेवून वर किती पाणी सुटतं तेही लिहा.

मिसळायला पीठ मळायचं यंत्र चालतं. वेळ ठरवून घ्या, समजा दहा मिनिटं, आणि मध्ये दोनदा यंत्र थांबवून भांड्याच्या कडेची माती सुरीने खरवडून मध्ये ढकला. नाहीतर पिठल्यात गुठळ्या राहाव्यात तशा न मिसळलेल्या मातीच्या गोळ्या राहतात आणि नमुना नेमका तिथेच फुटतो. वरच्या उदाहरणातल्या मालाचं आकारमान सुमारे २.२८ लिटर होतं. ५० मिलिमीटर व्यासाचे आणि १०० मिलिमीटर उंचीचे अकरा साचे त्यात भरतात. नऊ चाचणीचे, दोन राखीव.

साच्याला आतून तेलाचा पातळ हात फिरवा आणि माल तीन थरांत भरा. प्रत्येक थरानंतर साचा टेबलावर आपटा. बुडबुडे वर येऊन फुटताना दिसतात. ते थांबेपर्यंत आपटत राहा. इथे प्रॉक्टरचा हातोडा वापरायचा नाही, कारण जमिनीत ही माती कोणी ठोकणार नाही. सिमेंटला पाणी लागल्यापासून अर्ध्या तासात सगळे साचे भरून व्हावेत. प्रत्येक साच्याचं भरल्यानंतरचं वजन लिहा. एखाद्याचं वजन दोन-तीन टक्क्यांनी कमी असेल तर आत हवा आहे. त्याच्यावर राखीव अशी चिठ्ठी लावून बाजूला ठेवा.

नमुने प्लॅस्टिकच्या फिल्ममध्ये गुंडाळून, तळाला पाणी असलेल्या बंद डब्यात २७ अंशांच्या आसपास ठेवा. तापमानाची नोंद रोज करा. उन्हाळ्यात पत्र्याच्या शेडमध्ये ३५ अंशांवर ठेवलेले नमुने लवकर कडक होतात आणि सातव्या दिवसाचा आकडा फुगतो.

तोडताना

मूळ माती आणि सुधारलेली माती एकाच प्रुव्हिंग रिंगवर मोजता येत नाहीत. ५० मिलिमीटर व्यासाच्या नमुन्याचं क्षेत्रफळ १९.६ चौरस सेंटिमीटर. २० किलोपास्कलच्या मातीला फक्त ३९ न्यूटन लागतात, तर ५०० किलोपास्कलच्या नमुन्याला ९८० न्यूटन. मोठ्या रिंगवर मऊ मातीची सुई दोन-चार घरं हलते आणि तो आकडा निव्वळ अंदाज ठरतो. दोन रिंगा ठेवा, आणि दोघींचं कॅलिब्रेशन ताजं असू द्या.

आयएस २७२० भाग १० मध्ये मिनिटाला अर्धा ते दोन टक्के विकृतीचा वेग सांगितला आहे. सुधारलेला नमुना एक-दोन टक्क्यांतच फुटतो, म्हणून वेग खालच्या टोकाला ठेवा. नाहीतर शिखर कधी आलं आणि गेलं ते डायल वाचणाऱ्याला कळतच नाही. नमुन्याची दोन्ही टोकं समांतर नसतील तर पहिल्यांदा कोपरा चिरडतो आणि आलेखाची सुरुवात लोळलेली दिसते. टोकं तारेच्या करवतीने सरळ करून जिप्समची पातळ टोपी द्या. क्षेत्रफळाची दुरुस्ती विसरू नका. मूळ मातीत शिखर दिसत नसेल तर २० टक्के विकृतीवरचा ताण घ्यायचा.

फुटल्यावर लगेच दोन गोष्टी करा : फुटीचा फोटो काढा आणि त्याच तुकड्याचा ओलावा मोजा. तिरकी स्वच्छ चीर, उभे तडे आणि गुठळीभोवतीची फूट यांतून आलेल्या आकड्यांवर सारखा विश्वास ठेवता येत नाही. तिघांपैकी एक नमुना सरासरीपासून फार लांब असेल तर तो गाळण्याआधी फोटो पाहा. कारण सापडलं तरच गाळा, आणि ते कारण अहवालात लिहा.

चिरणाऱ्या पद्धतीची चाचणी

फ्रॅक्चर ग्राउटिंगसाठी मिश्रणाचे दंडगोल निरुपयोगी आहेत. इथे मातीचा एकसंध ठोकळा तयार करून त्यात ग्राउट सोडावा लागतो. लिक्विड लिमिटच्या दीडपट ते दुप्पट ओलाव्याची स्लरी करा आणि मोठ्या कन्सॉलिडेशन साच्यात टप्प्याटप्प्याने दाब देऊन ती बसवा. याला किती दिवस लागतील ते आधी काढा. कन्सॉलिडेशनचा गुणांक वर्षाला एक चौरस मीटर आणि ठोकळा २० सेंटिमीटर, पाणी वरून व खालून निघतंय असं धरलं, तर ९० टक्के कन्सॉलिडेशनला एका टप्प्यामागे तीन दिवस लागतात. गुणांक निम्मा असेल तर सहा. पाच टप्पे म्हणजे पंधरा दिवस ते महिना. सत्राचं वेळापत्रक आखताना हेच सगळ्यांत आधी मांडा.

५० किलोपास्कलच्या दाबाखाली बसलेल्या मातीत व्हेनवर साधारण ११ किलोपास्कल शिअर ताकद अपेक्षित आहे, दाबाच्या ०.२२ पट. खूप कमी आली तर माती अजून बसलेली नाही. ग्राउट सोडण्याची घाई करू नका.

ग्राउट मधोमध रोवलेल्या नळीतून मोजून सोडा. वरच्या झाकणाची उचल डायल गेजवर आणि छिद्रजलाचा दाब एक-दोन ठिकाणी ट्रान्सड्यूसरवर नोंदवा. उचलीचं आकारमान भागिले ग्राउटचं आकारमान ही कार्यक्षमता. ग्राउट घातल्याबरोबर ती छान दिसते, आणि बरेचजण इथेच थांबतात. पण मऊ मातीत ग्राउटने वाढवलेला छिद्रजलाचा दाब पुढचे दिवस ओसरत राहतो आणि ठोकळा परत खचतो. केंब्रिज विद्यापीठात सोगा, बोल्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या प्रयोगांतला मुख्य धडा हाच : पूर्वी कधी जास्त दाब न सोसलेल्या मातीत दीर्घकाळची कार्यक्षमता खूप घटते, कधी शून्याखालीही जाते, उलट पूर्वी जास्त दाब सोसलेल्या कडक मातीत ती बऱ्यापैकी टिकते.

लंडनमध्ये १९९० च्या दशकात वेस्टमिन्स्टर स्थानक खणताना बिग बेनचा मनोरा या पद्धतीने सावरला गेला, हे उदाहरण सगळीकडे दिलं जातं. पण लंडन क्ले कडक आहे. तिथला अनुभव उलव्याच्या मातीला जसाच्या तसा लावता येणार नाही. म्हणून छिद्रजलाचा दाब पूर्वपदावर येईपर्यंत नोंदी घ्या. मग व्हेन करा, ठोकळा तारेने कापा आणि ग्राउटची पाती कोणत्या दिशेने गेली ते मोजून रेखाटा. पाती साच्याच्या भिंतीला टेकली असेल तर तो प्रयोग रद्द धरा.

आकडा जागेवर नेताना

लॅबमध्ये आपण दहा मिनिटं मिसळतो, कडा खरवडतो, बुडबुडे काढतो. वीस फूट खोलीवरच्या पात्यांना किंवा जेटच्या धारेला ही चैन नसते. जपानमधल्या डीप मिक्सिंगच्या जमिनीवरच्या कामांत जागेवरची ताकद लॅबच्या अर्ध्यापासून एक-पंचमांशापर्यंत उतरल्याचा अनुभव आहे. म्हणजे लॅबमध्ये १००० किलोपास्कल मिळाले तर जागेवर २०० ते ५०० हाती येतील. डिझाइन करणाऱ्याला थेट १००० चा आकडा देणं धोक्याचं आहे.

जेट ग्राउटिंगमध्ये आणखी एक गोष्ट आहे. धारेने कापलेल्या मातीचा काही भाग चिखलासोबत वर निघून जातो, त्यामुळे स्तंभात नेमकी किती माती उरली हे लॅबला ठाऊक नसतं. त्यासाठी मातीचं प्रमाण वेगवेगळं ठेवून दोन-तीन मिश्रणं करा. जागेवर चाचणी-स्तंभ झाला की त्यातून काढलेल्या कोअरची घनता मोजा आणि आपल्या कोणत्या मिश्रणाशी ती जुळते ते पाहा.

अहवालात ताकदीच्या प्रत्येक आकड्याशेजारी सात गोष्टी एकाच ओळीत यायला हव्यात : मातीचा ओलावा, सिमेंटचा प्रकार आणि टक्का, एकूण पाणी-सिमेंट गुणोत्तर, मिसळण्याची वेळ, नमुन्याचं वय, ठेवलेलं तापमान आणि फुटताना झालेली विकृती. यातली एक जरी नसेल तर दुसऱ्या कोणाला तो प्रयोग पुन्हा करता येणार नाही, आणि डिझाइन इंजिनिअरने तो आकडा परत पाठवावा. ग्राउटिंगचा ठेका निघण्याआधी हा तक्ता आणि एका चाचणी-स्तंभाची तरतूद निविदेत घालून घ्या. काम सुरू झाल्यावर दोन्हींसाठी कोणी थांबत नाही.